पुण्यात भाड्याचे घर : आपल्या वस्तीत की कामाजवळ?



जून-जुलै आला की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एकच विषय असतो. मुलाला किंवा मुलीला पुण्यात नोकरी लागलेली असते. पेढे वाटून झालेले असतात, शुक्रान्याची नमाज झालेली असते, आणि रात्री जेवण आटोपल्यावर अब्बा विचारतात, "रहने का क्या करना?" घर विजापूर वेशीतले असो, बेगम पेठेतले असो की नई जिंदगीतले, त्यावर अम्मीचा प्रश्न ठरलेला असतो, "अपने लोगां किदर रहते उधर?"

मग कुणीतरी कोंढव्याचे नाव घेते. एखाद्या खालाचा जावई तिथे राहतो. त्याला फोन जातो, तो एक खोली बघून ठेवतो आणि मुलगा बॅग भरून हुतात्मा एक्स्प्रेसने निघतो. नोकरी हिंजवडीला आहे की खराडीला, हे त्या सगळ्या बोलण्यात आलेलेच नसते. पुणे म्हणजे पुणे, असे आपण धरून चालतो. सोलापुरात दुचाकीवर अर्ध्या तासात कुठूनही कुठेही जाता येते, म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. पण कोंढव्याहून हिंजवडीला पोचायला गर्दीच्या वेळी दीड तास सहज जातो.

माझ्याकडे शिकून गेलेली मुले-मुली अशा वेळी फोन करतात. "टीचर, आपल्या लोकांत राहू की ऑफिसजवळ?" सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर याला नाही. पण उत्तर कसे शोधायचे ते सांगता येते. घर निवडताना कमावणाऱ्याच्या आधी, त्या घरात ज्याला सर्वांत कमी बाहेर पडता येणार आहे त्याच्या दिवसाचा विचार करा. आणि पहिल्या अकरा महिन्यांत त्या घरात जास्त पैसा अडकवू नका. बाकीचे सगळे या दोन गोष्टींमागून येते.

अम्मीचा प्रश्न चुकीचा नाही

काही शिकलेली मुले या प्रश्नावर चिडतात. "अम्मी, आता कोण असे बघते?" म्हणतात. पण बघणारे बघतात, हे फोनवर नाव सांगितल्यावर त्यांनाही कळते. "मालकाने घर कालच दिले," "सोसायटी फक्त शाकाहारी आहे," "आम्ही कळवतो" अशी उत्तरे येऊ लागतात. हे आपले मनाचे खेळ नाहीत. २००६ मध्ये न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीने केंद्र सरकारला दिलेल्या अहवालात, मुसलमानांना हव्या त्या भागात घर विकत वा भाड्याने मिळणे कठीण जाते आणि सुरक्षिततेसाठी ते एकत्र राहू लागतात, याची नोंद आहे. पुढे २०१२ मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत याची पाहणी केली. सवर्ण हिंदू, दलित आणि मुसलमान अशा नावांनी भाड्याच्या घरांसाठी विचारणा करून पाहिली. सर्वांत जास्त नकार मुसलमान नावांना मिळाले.

मुंबईच्या बाबतीत तर हा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर घडला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या अनेक भागांतून मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली आणि खाडीकाठचे ते छोटे गाव काही वर्षांत लाखोंच्या वस्तीचे झाले. त्या कुटुंबांनी भाड्याचे दर पाहून घर बदलले नव्हते. रात्री शांत झोप लागावी म्हणून बदलले होते. म्हणून आपली वस्ती शोधणाऱ्या अम्मीला मागासलेली म्हणू नये. रमजानमध्ये सहरीला शेजारच्या घरात दिवा दिसणे, मशीद चालत जाण्याच्या अंतरावर असणे, हलाल मटणाचे दुकान कोपऱ्यावर असणे, रात्री आजारी पडले तर दार वाजवायला ओळखीचे घर असणे, या सगळ्याला किंमत आहे.

पण ज्या गोष्टीला किंमत असते ती आपल्याला मोजावीही लागते. ती किती, हे आधी कळावे एवढेच माझे म्हणणे आहे.

किंमत मोजून बघू

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. मुलाची नोकरी हिंजवडीला आहे. कोंढव्यात एक बेडरूमचे घर १६ हजारांना मिळते आणि हिंजवडीजवळ वाकडला तसेच घर २४ हजारांना. फरक ८ हजारांचा. सोलापूरच्या माणसाला ८ हजार म्हणजे इथल्या एका घराचे पूर्ण भाडे वाटते, म्हणून तो लगेच कोंढवा म्हणतो.

आता प्रवास मोजा. कोंढव्याहून जाऊन-येऊन रोजचे ५० किलोमीटर धरले तर महिन्याच्या २४ दिवसांत १२०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ४५ देत असेल तर सुमारे २७ लिटर पेट्रोल लागते. लिटरचे १०५ रुपये धरले तरी २८०० रुपये झाले. वाकडहून रोजचे १२ किलोमीटर म्हणजे महिन्याला पावणेसातशेच्या आत. म्हणजे ८ हजारांतले दोन हजारांहून जास्त पेट्रोलमध्येच गेले. गाडीची झीज, टायर आणि पावसाळ्यातली दुरुस्ती वेगळी.

राहिले सहा हजारांच्या आत. त्या पैशांच्या बदल्यात मुलगा काय देतो? कोंढव्याहून रोज तीन तास, वाकडहून रोज एक. रोज दोन तासांचा फरक, महिन्याला ४८ तास. हे म्हणजे ऑफिसचे सहा दिवस. त्या वेळात तो नवीन काही शिकला असता, झोपला असता, मगरिब आणि इशा जमातीने पढला असता, बायको-मुलांशी बोलला असता. शिवाय पावसात, अंधारात, खड्ड्यांतून दुचाकीवर तीन तास काढणे हे जिवाचेही काम आहे.

मुंबईतही हाच हिशेब लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याणला उतरून लोकलने मुंब्र्याला जाणारी आपली अनेक मुले आहेत. भाडे मुंबईपेक्षा कमी असते, पण मुंब्र्याला बहुतेक धीम्या लोकल थांबतात आणि त्यात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे जीव गेले. ते कामाला निघालेले लोक होते. स्वस्त घराच्या हिशेबात हा प्रवासही धरला पाहिजे.

हाच हिशेब उलटाही येऊ शकतो. नोकरी मगरपट्ट्याला, खराडीला किंवा कॅम्पात असेल तर कोंढवा, हडपसरचे सय्यदनगर किंवा भवानी पेठेकडचा भाग सोयीचा ठरतो. हडपसर तर सोलापूर रस्त्यावरच आहे, शनिवारी गावी निघणाऱ्याला शहर ओलांडावे लागत नाही. नोकरी पिंपरी-चिंचवडकडे असेल तर "आपले लोग फक्त कोंढव्यात" हा समजही सोडून द्या. पिंपरी, कासारवाडी, नेहरूनगर, काळेवाडी या भागांतही मुस्लिम घरे आणि मशिदी आहेत. शिवाय पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रो आता धावते. मात्र जी मेट्रो धावते तीच हिशेबात धरा. "पुढच्या वर्षी इथे मेट्रो येणार" असे सांगून एजंट आजच भाडे वाढवून मागतात.

दिवस कुणाचा?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कामाजवळच राहावे. थांबा, अजून निम्मा हिशेब बाकी आहे.

मुलगा एकटा असेल तर खरोखर कामाजवळ राहावे. दोन-तीन मित्रांनी मिळून घर घ्यावे. जुम्म्याची नमाज ऑफिसच्या भागातल्या मशिदीत होते, आणि रविवारी कॅम्पात किंवा कोंढव्यात जाऊन नातेवाइकांना भेटता येते.

पण लग्न झालेले असेल तर? सोलापुरातल्या भरल्या घरातून, सासू, नणंद, शेजारच्या भाभी, गल्लीतली मुले यांच्यातून उठून आलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलगी वाकडच्या बाराव्या मजल्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ एकटी बसते. नवऱ्याचे ४८ तास वाचले, पण तिचे तीनशे तास कसे गेले ते कुणी मोजले नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर सांगितले होते, "टीचर, आठ दिवसांत मी लिफ्टमनशिवाय कुणाशी बोलले नाही." ती रडत नव्हती, सहज सांगत होती, म्हणून मला जास्त लागले. दुसरीकडे अशाही मुली पाहिल्या आहेत, ज्यांनी तिथेच सोसायटीत मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या किंवा स्वतः नोकरी धरली. त्यांना कोंढव्यात राहण्याची गरज वाटली नाही. म्हणून घर ठरवण्याआधी तिला विचारा. घर पाहायला तिलाही न्या. आपल्याकडे अजूनही पुष्कळदा घर दोन पुरुष बघून येतात आणि त्यात राहते मात्र बाई.

वयस्कर अम्मी-अब्बा बरोबर येणार असतील तर मशीद आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर हवा, लिफ्ट चालू हवी आणि भाषा समजणारे शेजारी हवेत. अब्बांना अस्सलामु अलैकुम म्हणणारे चार लोक खाली भेटले नाहीत, तर ते पंधरा दिवसांत सोलापूरचे तिकीट काढतात. अशा वेळी कमावत्या मुलाने प्रवास सोसावा. त्याला बाहेर पडता येते, त्यांना येत नाही.

मुले शाळेत जाणारी असतील तर शाळा आधी, घर नंतर. सोलापुरात उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला त्याच माध्यमाची शाळा पुण्यात कुठे आहे ते आधी पाहा. कॅम्पात आझम कॅम्पस आहे, तिथे उर्दू माध्यमाच्या जुन्या शाळा आहेत. पण वाकडहून रोज तिथे मूल पाठवणे होणार नाही. घर बदलले म्हणून पाचवीतल्या मुलाचे माध्यमही एकदम बदलून टाकणे, हा निर्णय भाड्याच्या गणितात करू नये. शिक्षिका म्हणून हे मी आग्रहाने सांगते.

आणि नोकरीवाली मुलगी एकटी जाणार असेल तर? तिच्यासाठी कामाजवळचे महिला वसतिगृह किंवा चार मुलींनी मिळून घेतलेले घर बहुधा बरे. रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीला दीड तासाचा प्रवास ही सुरक्षितता नव्हे. इथे एक गोष्ट आपणही कबूल केली पाहिजे. आपल्या वस्त्यांतले कितीतरी घरमालक एकट्या मुलीला घर देत नाहीत. तिचे नाव आयेशा असो की फातिमा, "अकेली लडकी को नहीं देते" हे उत्तर तिला आपल्याच लोकांकडून मिळते. दुसऱ्यांनी दार लावले तर आपल्याला दुखते, मग आपण लावलेल्या दाराचे काय?

नकार आला तर

घर शोधताना नाव आधी सांगा, पहिल्याच फोनवर, पूर्ण. काही मुले "समीर" एवढेच सांगून घर बघायला जातात आणि करार करताना आडनाव निघाले की रिकाम्या हाताने परत येतात. त्यात रविवार गेला, रिक्षाचे पैसे गेले आणि मनही दुखावले. आधी सांगितले तर नकार देणारा लवकर कळतो, आणि घर देणाराही लवकर कळतो. घर देणारे असतात. आपल्या मुलांना घर देणारे, ईदला शीरखुर्मा खायला येणारे मराठी घरमालक पुण्यात पुष्कळ आहेत. तीन एजंटांच्या वागण्यावरून पूर्ण शहराबद्दल मत करून घेऊ नका.

"मालक तयार आहे, पण सोसायटी परवानगी देत नाही," असे सांगितले गेले तर एक माहिती जवळ असू द्या. महाराष्ट्रातील गृहनिर्माण सहकारी संस्थांसाठी शासनाने जे आदर्श उपविधी केले आहेत, त्यांत सदस्याने घर भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत जोडून आठ दिवस आधी संस्थेला कळवणे एवढेच पुरते. ज्या सोसायटीने हे उपविधी स्वीकारले आहेत तिथे ही अडचण खरी नसते. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. मालक मनापासून तयार असेल तर त्यालाच ही माहिती द्या, तो सोसायटीशी बोलेल. मालकच टाळत असेल तर पुढच्या घराकडे चला. जिथे पहिल्या दिवसापासून नको आहोत तिथे बायको-मुलांना ठेवून फायदा नाही.

करार आणि अमानत

घर आपल्या वस्तीतले असो की बाहेरचे, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. "अपने ही लोग हैं, कागज कायको?" हे वाक्य ऐकले की सावध व्हा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मग तो अकराच महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

खर्चही फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आहे. १५ हजार भाड्याचा अकरा महिन्यांचा करार असेल तर ते चारशे-साडेचारशे रुपयांच्या घरात जाते, आणि शहरात नोंदणी फी एक हजार. हे काम आता ऑनलाइन, आधार आणि अंगठ्यावर होते. याच करारावर पुढे बरीच कामे होतात. मुलाला आरटीईतून शाळेत प्रवेश हवा असेल तर भाड्याच्या घराचा नोंदणीकृत करारच पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

करारात चार गोष्टी वाचून घ्या. घर सोडायचे असेल तर किती दिवस आधी सांगायचे? ठरावीक महिन्यांच्या आत घर सोडता येणार नाही अशी अट आहे का? मेंटेनन्स कुणी भरायचा? डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून काय कापणार? राहायला जाताना भिंती, नळ आणि फरशीचे फोटो काढून मालकाला पाठवा. भाडे आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या. आणि हे दोन्ही बाजूंनी पाळा. मुदत संपली की घर सोडणे हे आपल्यावर बंधन आहे. न सोडल्यास कायद्याने दुप्पट भरपाई द्यावी लागते, आणि कायद्याच्या आधी तो अमानतीचा प्रश्न आहे.

आता हेवी डिपॉझिटबद्दल. मुंब्रा, कुर्ला आणि कोंढव्यातही ही पद्धत आहे. महिन्याला १२ हजार भाडे असलेले घर, पाच लाख डिपॉझिट दिल्यास दोन-तीन हजारांत किंवा अगदी फुकट मिळते. मुदत संपली की पाच लाख परत. सोलापूरचा माणूस शेत किंवा दागिने विकून ही रक्कम उभी करतो आणि समजतो की आपण भाडे वाचवले.

यात दोन धोके आहेत. पहिला दिनाचा. घरमालक ती रक्कम वापरतो आणि पुढे परत करतो, म्हणजे ते कर्ज झाले. कर्ज देऊन त्याच्या बदल्यात ठरवून घेतलेला फायदा व्याजात मोडतो, हा फिक्हमधला जुना नियम आहे. म्हणून डिपॉझिटच्या बदल्यात भाडे कमी करून घेणे अनेक उलमा नाजायज मानतात. नेहमीचे भाडे देऊन जमानत म्हणून दोन-तीन महिन्यांची रक्कम ठेवणे वेगळे. जे लोक बँकेच्या व्याजाला हात लावत नाहीत, तेच नकळत या दारातून आत जातात. आपल्या भागातल्या मुफ्तीसाहेबांना पूर्ण व्यवहार सांगून विचारा.

दुसरा धोका दुनियेचा. मालकाने ते पाच लाख खर्च केले की तुमची परतफेड पुढचा भाडेकरू मिळण्यावर अवलंबून राहते. तो मिळेपर्यंत तुम्ही अडकलात. नोकरी बदलली, शाळा बदलायची, तरी हलता येत नाही. आणि इमारतच बेकायदा असेल तर? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा बांधलेली इमारत कोसळली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहत होती. ७४ जण गेले. ज्या वस्तीत लोकांना यावेच लागते, तिथे बांधणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून अशा इमारती तिथे जास्त उभ्या राहतात. तेव्हा आपल्या वस्तीत घर घेताना तर हे प्रश्न जरूर विचारा : इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का? महापालिकेचे पाणी येते की टँकर? टँकरचे पैसे वेगळे का? जिना किती रुंद आहे? रविवारी सकाळी नव्हे, तर एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी, जमल्यास पावसात जाऊन घर पाहा. खालच्या किराणा दुकानदाराला पाण्याबद्दल विचारा, तो एजंटपेक्षा खरे सांगतो.

म्हणूनच पहिल्या अकरा महिन्यांत पैसा मोकळा ठेवा. दोन-तीन महिन्यांचे साधे डिपॉझिट, कमी सामान. त्या काळात शहर कळते, नोकरी टिकते की बदलते ते कळते, घरातल्यांचे मन कुठे लागते ते कळते. दुसरे घर तुम्ही स्वतः बघून घ्याल, आणि ते बहुधा पहिल्यापेक्षा बरे असेल.

जे आधी गेले त्यांनी

हिजरतीनंतर मदिन्यात पोचल्यावर रसूलुल्लाह (स.) यांचा पहिला मुक्काम हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी होता, हे आपण मुलांना सीरतमध्ये शिकवतो. अन्सारांनी मुहाजिरांना आपल्या घरात, आपल्या कामधंद्यात वाटा दिला. पुण्या-मुंबईत दहा-पंधरा वर्षे स्थिरावलेल्या सोलापूरकरांनी एवढे नाही तरी थोडे जरूर करावे. नव्याने आलेल्या मुलाला आठ दिवस घरी ठेवा, म्हणजे तो घाईत चुकीच्या घराचा करार करणार नाही. त्याच्याबरोबर जाऊन एक इमारत बघून या. नव्या भाभीला रविवारी जेवायला बोलवा आणि तिचा नंबर घ्या.

आणि आपण, जे सोलापुरातच आहोत? हे शहरही बाहेरून आलेल्यांनीच मोठे केले. १८७७ मध्ये इथे जुनी मिल सुरू झाली, तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकाच्या सीमेवरून मजूर आले, आणि कुणीतरी त्यांना राहायला खोली दिली. आजही अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेली मुले काम करतात, कॉलेजांसाठी खेड्यापाड्यांतून मुली येतात. त्या आपल्या गल्लीत खोली विचारायला येतात तेव्हा आपण त्यांची जात, भाषा आणि बिरादरी विचारतो, की भाडे सांगून किल्ली दाखवतो? आपला मुलगा पुण्यात दारोदार फिरत असताना इथे आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाशी आपण कसे बोलतो, याचाही हिशेब द्यायचा आहे.

या महिन्यात ज्यांची मुले निघणार आहेत त्यांनी आज एवढे करावे. कागदावर ऑफिसचा पत्ता लिहावा. त्याखाली बरोबर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि त्याचा दिवस कसा जाईल ते लिहावे. मगच खालाच्या जावयाला फोन लावावा. अल्लाह आपल्या मुलांच्या घरात आणि रोजीत बरकत देवो. आमीन.